टेस्टोस्टेरॉन १२८० आलंय, मित्र पार्टी मागतायत. यात नुकसान काय?

प्रश्न असा आहे: वय २९. 'फुल बॉडी' पॅकेजमध्ये टेस्टोस्टेरॉन १२८० आलं आणि पुढे ठळक 'हाय' छापलंय. मित्र म्हणतात पार्टी दे. रोज जिमला जातो, केस गळतात म्हणून गोळी चालू आहे. लग्नाला दीड वर्ष झालं, अजून मूल नाही, पण त्याचा याच्याशी संबंध नसणार, हार्मोन तर भरपूरच आहे. जास्त टेस्टोस्टेरॉनने पुरुषाचं खरंच काही बिघडतं का?

बिघडतं. आणि सगळ्यात आधी नेमकं तेच बिघडतं, ज्याचा संबंध नसणार असं तुम्ही गृहीत धरलंय. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या माणसाच्या रक्तात हार्मोन उतू जात असतो आणि वीर्यात शुक्रजंतूचा पत्ता नसतो. मी पॅथॉलॉजिस्ट आहे, मिरजेत लॅब चालवते. दंड शर्टात मावत नाहीत अशा मुलाच्या हातात 'अ‍ॅझोस्पर्मिया' (वीर्यात शुक्रजंतू शून्य) लिहिलेला कागद द्यायची वेळ येते, तेव्हा तो हमखास म्हणतो, "मॅडम, सॅम्पल बदललं असेल."

पण तुमचा आकडा खरा आहे का, ते आधी बघू. सगळ्याच 'हाय'च्या मागे रोग किंवा टेस्टोस्टेरॉनची सुई नसते.

लॅबनुसार थोडा फरक पडतो, पण तरुण पुरुषात साधारण ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर ही नेहमीची पातळी. १२८० त्याच्या वर आहे, पण डोळे पांढरे व्हावेत इतका वर नाही. सुया घेणाऱ्यांचे आकडे याच्या कितीतरी पुढे जातात. काही यंत्रं १५०० पर्यंतच मोजतात, त्यापुढे नुसतं 'पेक्षा जास्त' छापतात.

आता तुमची केसांची गोळी. कुठली ते तुम्ही लिहिलं नाही, आणि ते महत्त्वाचं आहे. केसांसाठी विकल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्यांत आणि गमीजमध्ये बायोटिन हे जीवनसत्त्व असतं, कित्येकदा १० मिलिग्रॅम. माणसाची रोजची गरज साधारण ३० मायक्रोग्रॅम, म्हणजे हा डोस तिनशे पटींहून जास्त झाला. शरीराला त्याचा त्रास नाही, पण आमच्या काही यंत्रांना होतो. त्यांच्या रसायनातच बायोटिनचा वापर असतो, त्यामुळे रक्तातलं जादा बायोटिन मोजणीत लुडबूड करतं आणि टेस्टोस्टेरॉन खोटं वाढलेलं दिसतं. गंमत म्हणजे त्याच यंत्रावर एलएच आणि एफएसएच, म्हणजे वृषणाला कामाला लावणारे मेंदूकडचे दोन हार्मोन, खोटे कमी दिसू शकतात. टेस्टोस्टेरॉन वर आणि एलएच-एफएसएच तळाला, हे चित्र हुबेहूब सुई घेणाऱ्याचं. एखाद्या सरळमार्गी मुलावर डॉक्टरने संशय घ्यावा अशी सोय केसांच्या गमीने केलेली असते. सगळ्या यंत्रांवर हे होत नाही, आणि नवीन किटमध्ये सुधारणाही झाल्या आहेत. तरी तीन दिवस गोळी बंद ठेवून रक्त द्या आणि लॅबला तसं सांगा.

गोळी फिनास्टेराइड असेल तर गोष्ट वेगळी. टेस्टोस्टेरॉनपासून डीएचटी हा जास्त तिखट हार्मोन बनतो आणि टाळूवरचे केस त्यानेच जातात. फिनास्टेराइड ती पायरी अडवतं, म्हणून न वापरलेलं टेस्टोस्टेरॉन रक्तात थोडं वाढतं, साधारण दहा-पंधरा टक्के. एवढ्याने कुणी आजारी पडत नाही. पण काही पुरुषांत या गोळीने शुक्रजंतूंची संख्या कमी होते, त्यामुळे मूल हवं असताना ती चालू आहे हे डॉक्टरांना माहीत असायलाच हवं.

तिसरी शक्यता एसएचबीजीची. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना चिकटून फिरतं, मोकळं असतं ते जेमतेम दोन-तीन टक्के, आणि पेशींवर काम मुख्यतः तेच करतं. एसएचबीजी हे असंच एक चिकटवून ठेवणारं प्रथिन. थायरॉइड वाढलेला असेल, यकृताचा आजार असेल, फिट्सची काही औषधं चालू असतील किंवा माणूस मुळातच सडपातळ असेल, तर ते वाढतं. मग एकूण आकडा फुगतो, मोकळं टेस्टोस्टेरॉन मात्र ठीक असतं. त्या माणसाला अतिरिक्त टेस्टोस्टेरॉनचा कसलाही त्रास होत नाही.

राहिली शरीरानेच खरोखर जास्त बनवण्याची शक्यता. प्रौढ पुरुषात ती दुर्मीळ आहे: वृषणातली किंवा अ‍ॅड्रिनल ग्रंथीतली हार्मोन बनवणारी गाठ, किंवा एचसीजी (एलएचसारखंच काम करणारा हार्मोन) सोडणारी वृषणाची गाठ. दुर्मीळ असली तरी तपासणी सोपी आहे. अंघोळीच्या वेळी दोन्ही बाजू बोटांनी चाचपून बघा. कडक, न दुखणारी गाठ लागली किंवा छातीला स्तनासारखा फुगवटा येऊ लागला असेल तर सोनोग्राफीला उशीर करू नका.

यातलं काही लागू नसेल तर उरतो तो प्रश्न मी सरळ विचारते: सुई चालू आहे का? जिमचं लिहिलंत, त्याबद्दल काही लिहिलं नाहीत. इथे मला उत्तर देऊ नका, डॉक्टरांना मात्र खरं सांगा. आणि "प्रोटीनसोबत सरांनी दिलेलं काहीतरी" असेल तर तेही सांगा, कारण त्या 'काहीतरी'वर लेबल असेलच असं नाही.

मुळात पुरुषाच्या शरीरात दिवसाला साधारण ५ ते ७ मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन तयार होतं, म्हणजे आठवड्याचे ३५ ते ५०. जिममधल्या 'सायकल'मध्ये, म्हणजे काही आठवड्यांच्या सुयांच्या कोर्समध्ये, आठवड्याला ५०० मिलिग्रॅम हा सुरुवातीचा डोस समजला जातो. त्याने स्नायू वाढतात का? वाढतात, खोटं कशाला बोलू. १९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आठवड्याला ६०० मिलिग्रॅम असं दहा आठवडे दिलं. व्यायाम न करता नुसतं इंजेक्शन घेणाऱ्यांच्या अंगावर सरासरी ३ किलोंवर चरबीविरहित वजन चढलं आणि इंजेक्शनशिवाय व्यायाम करणाऱ्यांच्या अंगावर २ किलो. सोफ्यावर बसणारा घाम गाळणाऱ्याच्या पुढे गेला. "यात काही दम नाही" असं पोरांना सांगणाऱ्या डॉक्टरांवर पोरं विश्वास ठेवत नाहीत ती यामुळेच, आणि मग डॉक्टरांच्या बाकीच्या बोलण्यावरही ठेवत नाहीत.

आता शुक्रजंतूंकडे. मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी दोन हुकूम सोडते. एलएच वृषणातल्या लेडिग पेशींना सांगतो, टेस्टोस्टेरॉन बनवा. एफएसएच शुक्रजंतू पोसणाऱ्या पेशींना कामाला लावतो. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसं दिसलं की मेंदू हे हुकूम कमी करतो. बाहेरून भरमसाट आलं की दोन्ही हुकूम जवळजवळ बंद पडतात. इथे एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. वृषणाच्या आत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण रक्तातल्यापेक्षा कितीतरी पट जास्त असतं आणि शुक्रजंतू तयार व्हायला तेवढं लागतंच. सुईतून रक्तात कितीही ओतलं तरी वृषणातली ती पातळी भरून निघत नाही. तिथला कारखाना बंद, म्हणून शुक्रजंतू बंद. काम नाही म्हणून वृषण आक्रसतात, मऊ पडतात.

हा परिणाम इतका भरवशाचा आहे की जागतिक आरोग्य संघटनेने तो पुरुषांचं गर्भनिरोधक म्हणून आजमावला. १९९० साली निष्कर्ष आले. सात देशांतल्या २७१ निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट दिलं होतं. सहा महिन्यांत त्यातल्या १५७ जणांचे शुक्रजंतू शून्यावर आले. मग त्यांच्यातल्या बहुतेकांनी इंजेक्शन चालू ठेवून वर्षभर दुसरं कोणतंही साधन न वापरता बायकोशी संबंध ठेवले आणि त्या सगळ्यांत मिळून एकच गर्भधारणा झाली. हा डोस लक्षात घ्या: २००, जिमवाल्यांच्या सुरुवातीच्या डोसच्या निम्म्याहून कमी.

थांबवल्यावर परत येतात का? अशा गर्भनिरोधक चाचण्यांतल्या पुरुषांचा एकत्रित हिशेब २००६ साली मांडला गेला. सहा महिन्यांत सुमारे दोन तृतीयांश पुरुषांची संख्या पूर्वपदावर आली, वर्षात दहातल्या नऊंची, आणि उरलेल्यांसाठी दोन वर्षं धरावी लागली. पण ते मोजून-मापून, शुद्ध औषध, ठरावीक काळ घेणारे निरोगी लोक होते. वर्षानुवर्षं चार औषधं एकत्र मारणाऱ्याला हा हिशेब लावता येत नाही. काहींना एचसीजी, एफएसएचची इंजेक्शनं घ्यावी लागतात, आणि काहींची गाडी तरीही रुळावर येत नाही.

दुसरा मोठा मुद्दा रक्ताचा. टेस्टोस्टेरॉन तांबड्या पेशी वाढवतं. म्हणून तर पुरुषांचं हिमोग्लोबिन बायकांपेक्षा वर असतं. जादा झालं की एचबी १८-१९ वर जातं. ते बघून घरचे खूश होतात, "रक्त भरपूर आहे हो". तुमच्या रिपोर्टवर पीसीव्ही नावाची ओळ असेल, तिलाच हिमॅटोक्रिट म्हणतात. पुरुषात ती साधारण ४० ते ५० टक्के असते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या रुग्णातही ती ५४ च्या वर गेली की औषध थांबवायचं, असा नियम आहे. रक्त घट्ट झालं की पायाच्या शिरेत, फुप्फुसात गुठळी होण्याची भीती वाढते.

हृदयाचं सविस्तर सांगते, कारण इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. ज्यांचं टेस्टोस्टेरॉन खरोखर कमी आहे, त्यांना ते नेहमीच्या पातळीपर्यंत आणून देणं हा रीतसर उपचार आहे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या 'ट्रॅव्हर्स' चाचणीत ४५ ते ८० वयाचे पाच हजारांवर पुरुष होते. त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात आणि हृदयविकाराने होणारे मृत्यू टेस्टोस्टेरॉनचं जेल लावणाऱ्यांत आणि न लावणाऱ्यांत जवळजवळ सारखेच निघाले. मात्र अनियमित ठोके आणि फुप्फुसातल्या गुठळ्या जेलवाल्यांत थोड्या जास्त होत्या. म्हणजे कमतरता भरून काढताना डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं, पण घाबरून जावं असं त्यात नाही.

नेहमीच्या पातळीच्या कित्येक पट घेणाऱ्याची कहाणी वेगळी. २०१७ साली अमेरिकेत वजनं उचलणाऱ्या १४० पुरुषांचे इको (हृदयाची सोनोग्राफी) काढले गेले, त्यातले ८६ जण स्टेरॉइड, म्हणजे टेस्टोस्टेरॉन आणि त्याच्यासारखी औषधं, घेणारे. हृदयाचा डावा कप्पा दर ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर ढकलतो, त्याला इजेक्शन फ्रॅक्शन म्हणतात. न घेणाऱ्यांत ते सरासरी ६३ होतं, घेणाऱ्यांत ५२, आणि ज्यांची सायकल तेव्हा चालूच होती त्यांच्यात ४९. बाहेरून पिळदार, आत हृदयाचा स्नायू जाड आणि थकलेला. डेन्मार्कमध्ये जिममधल्या डोपिंग चाचणीत सापडलेल्या १,१८९ पुरुषांचा माग सरासरी ११ वर्षं ठेवला गेला. त्याच वयाच्या इतर पुरुषांपेक्षा त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण २.८ पट होतं. त्यात अपघात, इतर व्यसनं हेही धरलेलं आहे, सगळं पाप एका औषधाचं नाही. तरी २.८ पट हा आकडा लहान नाही. आणि आपल्याकडे हार्ट अटॅक मुळातच पाश्चात्त्यांपेक्षा पाच-सहा वर्षं आधी येतात.

तोंडाने घ्यायच्या गोळ्या, स्टॅनोझोलॉल वगैरे, चांगलं कोलेस्टेरॉल पार तळाला नेतात आणि यकृतालाही झोडपतात. गोळी सुईपेक्षा 'सेफ' असं ट्रेनर सांगत असेल तर त्याला हे वाक्य दाखवा.

किरकोळ म्हणून लोक ज्यांची चौकशी सगळ्यात जास्त करतात, त्या गोष्टी झटपट. पाठीवर, खांद्यावर मोठाले फोड येतात. जादा टेस्टोस्टेरॉनचा काही भाग शरीर इस्ट्रोजेनमध्ये बदलतं, म्हणून छातीला स्तनासारखी गाठ येते, आणि ती जुनी झाली की ऑपरेशनशिवाय जात नाही. घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं वाढू शकतं. टक्कल? ज्याच्या घराण्यात आहे त्याचं लवकर पडतं. पण टक्कल असलेल्याच्या रक्तात टेस्टोस्टेरॉन जास्तच असतं, हा समज चुकीचा आहे. त्याचे केस डीएचटीला जास्त हळवे असतात, इतकंच. प्रोस्टेटच्या कर्करोगाबद्दल पूर्वी जेवढी भीती होती तेवढी आता राहिलेली नाही, मात्र ज्याला तो आधीच आहे त्याला टेस्टोस्टेरॉन देताना डॉक्टर दहा वेळा विचार करतात.

रागाचं काय? "टेस्टोस्टेरॉन चढलंय" हे आपण सहज बोलतो. आठवड्याला ६०० मिलिग्रॅमपर्यंत देऊन केलेल्या एका चाचणीत बहुतेकांच्या स्वभावात फारसा फरक पडला नाही, पण मोजक्या काही जणांत तो चांगलाच पडला: झोप नको, बोलणं सुसाट, कुणालाही अंगावर घ्यायची तयारी. तुम्ही त्या मोजक्यांतले आहात का, हे आधी कळत नाही. माझ्या मते खरी मानसिक गोची थांबवल्यावर होते. बाहेरचा पुरवठा तुटतो आणि आतला कारखाना अजून सुरू झालेला नसतो, त्यामुळे काही महिने टेस्टोस्टेरॉन तळाला. कामेच्छा जाते, ताठरता येत नाही, अंगावरचं मांस उतरतं, मन बसतं. मग माणूस घाबरून पुन्हा सुई टोचतो. या मधल्या काळात खूप निराश वाटलं, जगणं नको झालं, तर ते अंगावर काढू नका. ते हार्मोनचंही असू शकतं आणि त्यावर इलाज आहे.

मध्येच एक सांगून ठेवते. 'जिमचं इंजेक्शन' म्हणजे प्रत्येक वेळी टेस्टोस्टेरॉन असतंच असं नाही. राज्यात पोलिसांनी जिमच्या मुलांना विकल्या जाणाऱ्या मेफेन्टरमाइनच्या बाटल्या पकडल्याच्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. ते भूल दिल्यावर घसरलेलं बीपी वर आणायचं औषध. त्याचा स्नायू वाढण्याशी काही संबंध नाही. तात्पुरती तरतरी येते, नाडी आणि बीपी उडतं, सवय लागते. आणि 'डेका'सारखं दुसरं स्टेरॉइड घेणाऱ्याचं टेस्टोस्टेरॉन रिपोर्टमध्ये उलट कमीच दिसतं, कारण स्वतःचं उत्पादन बंद पडलेलं असतं आणि आमचं यंत्र मोजतं फक्त टेस्टोस्टेरॉन. त्यामुळे आकडा नॉर्मल किंवा कमी म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही.

आता तुम्ही काय करायचं. बायोटिन असेल तर ते बंद ठेवून, सकाळी दहाच्या आत, उपाशीपोटी पुन्हा रक्त द्या. एकाच वेळी टेस्टोस्टेरॉन, एसएचबीजी, एलएच, एफएसएच, इस्ट्रॅडिऑल, टीएसएच (थायरॉइड), सीबीसी (रक्तपेशी), लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि एलएफटी (यकृत) करून घ्या. टेस्टोस्टेरॉन पुन्हा जास्त आणि एलएच-एफएसएच नेहमीसारखे असतील, तर बहुधा एसएचबीजीचा खेळ आहे. टेस्टोस्टेरॉन जास्त आणि ते दोन्ही जवळजवळ शून्य असतील, तर एक तर बाहेरून काही येतंय किंवा कुठे गाठ आहे. कागद घेऊन एंडोक्रायनॉलॉजिस्टकडे (हार्मोनतज्ज्ञाकडे) जा, ते जवळपास नसतील तर एमडी फिजिशियनकडे. सुई चालू असेल तर मनाने काही करू नका आणि इंटरनेटवर बघून 'पीसीटी'च्या, म्हणजे सायकलनंतर स्वतःचं उत्पादन पुन्हा सुरू करायच्या, गोळ्या आणू नका. कधी, काय आणि किती घेतलंत ते लिहून न्या. छातीत दुखणं, अचानक दम लागणं किंवा एकच पोटरी सुजून दुखणं यातलं काहीही झालं तर अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटल.

आणि या सगळ्याच्या आधी वीर्य तपासणी. शेवटच्या वीर्यस्खलनानंतर दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवून लॅबमध्येच नमुना द्या. घरून आणायचाच असेल तर अंगाच्या उबेला ठेवून तासाभरात पोचवा. एक रिपोर्ट खराब आला तर काही आठवड्यांनी दुसरा करायचाच असतो, एकावर निकाल लावायचा नसतो. आपल्याकडे दीड वर्ष मूल नाही म्हटलं की बायकोच्या सोनोग्राफ्या, एचएसजी (गर्भनलिकांचा एक्स-रे), हार्मोन असं सगळं होऊन जातं आणि नवऱ्याची ही काही शे रुपयांची तपासणी शेवटी उरते. तुमच्या घरीही तसंच चाललं असेल, तर तिला टेबलावर झोपवण्याआधी तुमचा कागद डॉक्टरांपुढे ठेवा.